गाव राहण्याजोगे आहे की नाही, हे आकड्यांवरून कसे ओळखावे?



आमच्या इचलकरंजीत स्थळ पाहावयास आलेली मंडळी चहा-पोहे होईतो इकडचे तिकडचे बोलतात. मुलगा काय करतो, शेत किती, घर स्वतःचे की भाड्याचे, हे विचारून होते. मग मुलीची आई किंवा मावशी हळूच विचारते, ‘तुमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं?’ बैठकीतले पुरुष हसतात. आम्हीही पूर्वी हसत असू. आता हसत नाही. गाव राहण्याजोगे आहे की नाही, याची इतकी नेमकी कसोटी कोणा तज्ज्ञाच्या अहवालात आम्हांस क्वचितच सापडली. त्या माउलीला सरासरी नको असते. आपली लेक पहाटे तीनला घागर घेऊन उठणार की नाही, एवढेच तिला हवे असते.

आजचा आमचा विषय याच प्रश्नाच्या पोटातला आहे. आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेले नव्हे. आमचे शिक्षण मागाच्या खडखडाटात झाले. यंत्रमागावरची मजुरी पिकावर ठरते, म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, यावर. भिंग लावून ते धागे मोजावयास शिकलो, तो आमचा पहिला अंकगणिताचा धडा. महागाई भत्त्याचा निर्देशांक कसा काढतात हे समजून घ्यावे लागले, तो दुसरा. तिसरा धडा मात्र फजितीचा होता. अनेक वर्षांपूर्वी एका निवेदनात आम्ही ‘शहरातील नव्वद टक्के कामगारांस पिण्यास पाणी नाही’ असे ठोकून दिले. समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, ‘हे नव्वद कुठून आणलेत?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. तक्रार खरी होती, पण आकडा खोटा होता. आणि खोट्या आकड्याने खरी तक्रारही बुडाली. त्या दिवसापासून आम्ही सरकारी तक्ते वाचू लागलो. ते वाचताना काय दिसले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आकड्यांनी गाव तोलण्याची ही विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. मुंबईच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ साली गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, आणि फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ साली निघाला. कामगाराच्या पोटात किती धान्य जाते हे त्यात मोजले होते. तेवढ्यावर ते थांबले असते तर तो एक कोरडा आकडा राहिला असता. पण त्यांनी तो दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवला, आणि असे दिसले की मुंबईचा मजूर दुष्काळाच्या कायद्यात सांगितलेल्या कमाल शिध्याइतके धान्य खातो, पण तुरुंगातील कैद्यास नियमाने मिळणाऱ्या शिध्याहून कमी! शंभर भाषणांनी जे झाले नसते, ते या एका तुलनेने केले. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्याची पाहणी केली. आपल्या शेजारच्या कोल्हापूरची पाहणी सोवनी यांनी केली. तिचे खंड १९४८ पासून निघाले. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली झालेला सोलापूर शहराचा अभ्यास १९६५ साली छापला गेला. या मंडळींनी शहराला गुण दिले नाहीत, की क्रमांक लावला नाही. कोण कसे राहते, एवढेच त्यांनी घरोघर जाऊन विचारले.

अलीकडे क्रमांक लावण्याची हौस फार वाढली आहे. केंद्र सरकारने २०१८ साली १११ शहरांची राहणीमान-सुलभतेची यादी जाहीर केली. तीत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. बंगळूर अठ्ठावन्नावे. पुढची यादी मार्च २०२१ मध्ये निघाली, आणि दहा लाखांवरील शहरांत बंगळूर पहिले! मधल्या अडीच-तीन वर्षांत बंगळूरच्या रस्त्यांवरची गर्दी नाहीशी झाली काय? तसे काही घडले नाही. बदलला होता तो तराजू. २०१८ साली शंभरांपैकी ४५ गुण भौतिक सोयींना, २५ सामाजिक बाबींना, २५ कारभाराला होते. आणि पोटापाण्याच्या व्यवहाराला, म्हणजे ज्याच्यासाठी माणूस शहरात येतो त्या रोजगाराला, अवघे ५! पुढच्या खेपेस जीवनमानाला ३५, नागरिकांच्या मतांना ३०, टिकाऊपणाला २० आणि आर्थिक क्षमतेला १५ झाले. लहान आणि मोठी शहरेही वेगळी काढली. या बदलांत गैर काहीच नाही. कदाचित दुसरी रीत पहिलीपेक्षा बरी असेल. आमचे म्हणणे एवढेच, की क्रमांक वाचण्याआधी वजने पाहावीत. बाजारात भाजी घेताना आपण हेच करतो.

आणि आपली इचलकरंजी? ती या याद्यांत नव्हतीच. मुख्यतः दहा लाखांवरची शहरे आणि ‘स्मार्ट सिटी’ म्हणून निवडलेली शहरे तीत होती. आमच्या एका व्यापारी मित्राला याचे वाईट वाटते. आम्हांस वाटत नाही. आपल्याला दुसऱ्याने मोजले नाही, तर आपण आपल्याला मोजावे. त्यासाठी लागणारे पुष्कळसे आकडे सार्वजनिक आहेत. जनगणनेच्या पुस्तिका आहेत, पालिकेचे अंदाजपत्रक आहे, पर्यावरणाचा वार्षिक अहवाल आहे, जन्ममृत्यूची नोंद आहे. जे छापलेले नाही ते २००५ च्या माहिती अधिकाराने मागता येते. मात्र प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारावयास हवेत. भागिले कशाने? विचारले काय होते? आणि मोजायचा राहिला कोण?

पहिला प्रश्न, भागिले कशाने. २००१ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ५७ हजार होती. २०११ मध्ये सुमारे २ लाख ८७ हजार झाली. पण त्याच जनगणनेत लगतची वस्ती धरून जो नागरी समूह मोजला, तो सुमारे सव्वातीन लाखांचा. म्हणजे अडतीसएक हजार माणसे शहराच्या अंगाला चिकटून राहतात, शहराच्या मागावर राबतात, पण शहराच्या हद्दीत नाहीत. पुढे २०२२ साली नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. पण २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जून २०२५ मध्ये ठरली. दोन मोजण्यांत सोळा वर्षांचे अंतर!

याने काय बिघडते? एक काल्पनिक हिशेब करू. समजा, एखादे शहर रोज चार कोटी लिटर पाणी सोडते. त्याला जुन्या जनगणनेच्या २ लाख ८७ हजारांनी भागले तर माणशी १३९ लिटर येतात. केंद्र सरकारने २००८ साली नागरी सेवांचे मापदंड ठरविले. त्यांत पाण्याचा दंडक माणशी रोज १३५ लिटर आहे. म्हणजे शहर पास! पण आज तेथे साडेतीन लाख माणसे असतील, तर तेच पाणी माणशी ११४ लिटर होते. वाटेत शंभरांतले तीस लिटर गळत असतील, तर नळातून ८० लिटरच पडतात. पाणी तेच, नळ तोच. एका भागाकाराने शहर पास होते आणि दुसऱ्याने नापास. तेव्हा ‘माणशी इतके लिटर’ असे कोणी सांगितले, की ‘कोणत्या सालच्या माणशी, आणि टाकीपाशी की नळापाशी?’ असे विचारावे.

दुसरा प्रश्न, विचारले काय होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतातील नागरी कुटुंबांपैकी ७०.६ टक्क्यांना पिण्यास नळाचे पाणी होते, आणि ७१.२ टक्क्यांना पाणी घराच्या आवारातच मिळत होते. वाचून बरे वाटते. परंतु गणकाने पाणी कशाचे आणि किती अंतरावर, एवढेच विचारले होते. किती दिवसांनी येते, हे विचारलेच नव्हते. रोज येणारा नळ आणि चौथ्या दिवशी येणारा नळ, दोघांच्या रकान्यात खूण एकच. लग्नाच्या बोलणीतली मावशी जे विचारते, ते देशाची जनगणना विचारीत नव्हती.

चौथ्या दिवशी येणारे पाणी म्हणजे काय, हे जरा कागदावर मांडून पाहू. पाच माणसांचे घर धरा. माणशी १३५ लिटर म्हणजे रोजचे ६७५ लिटर. चार दिवसांचे २,७०० लिटर. दोनशे लिटरच्या पिंपांत भरावयाचे तर साडेतेरा पिंपे लागतात. ज्याच्या बंगल्याखाली हौद आहे आणि गच्चीवर टाकी, त्याला पाणी रोज आले काय नि चौथ्या दिवशी आले काय, मोटार सुरू केली की काम झाले. पण मागावर काम करणाऱ्या आमच्या माणसाची खोली दहा बाय दहाची. तीत तो साडेतेरा पिंपे ठेवणार कोठे, आणि मुलांना निजविणार कोठे? मग तो दोन पिंपे ठेवतो. दोन पिंपे म्हणजे ४०० लिटर. चार दिवसांत, पाच माणसांत, माणशी रोज २० लिटर. शहराने दंडकाप्रमाणे १३५ लिटर सोडले, तरी त्याच्या घरात पोचतात वीस. गळती नाही, चोरी नाही, कोणाची लबाडी नाही; फक्त साठवायला जागा नाही. सरासरीचा आकडा हौदवाल्याच्या घरी खरा असतो आणि खोलीवाल्याच्या घरी खोटा. आम्ही गल्लीगल्लीतून हिंडून हा हिशेब मांडला आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तो एखाद्या बाईच्या झोपेवर येऊन थांबला.

पाण्याच्या शुद्धतेचेही असेच. शाळेत ९८ गुण मिळविलेल्या मुलाचा आपण सत्कार करतो. पाण्याचे शंभर नमुने तपासून ९८ चांगले निघाले, तर मात्र सत्कार करू नये. उरलेले दोन कोणत्या गल्लीतले, हे विचारावे. केंद्राच्या मापदंडांत अनेक बाबींना सूट आहे. गळती २० टक्क्यांपर्यंत चालते, पट्टीची वसुली ९० टक्के झाली तरी चालते; पण शुद्धतेचा दंडक शंभराला शंभर. ते का, हे या गावाला सांगावयास नको. २०१२ च्या उन्हाळ्यात कावीळीची साथ आली, ती या सभागृहातील अनेकांच्या घरांतून गेली आहे. आम्ही त्या दिवसांत दवाखान्याच्या ओट्यावर रात्री काढल्या आहेत. संध्याकाळी मागावर उभा असलेला तरणा पोर आठ दिवसांत पिवळा पडून खाटेला लागलेला आम्ही पाहिला. वर्षाची सरासरी काढली, तर तेही वर्ष कागदावर बरेच चांगले दिसेल. साथ सरासरीत येत नाही, ती एका फुटलेल्या नळातून येते.

तिसरा प्रश्न, मोजायचा राहिला कोण. इथे आम्ही एक दुखरी गोष्ट सांगतो. आमचा एक जुना सोबती होता. तीस वर्षे माग चालविला. दम्याने बेजार झाला. येथील उपचारांनी उतार पडेना, म्हणून त्याला मिरजेला नेले. तिथेच तो गेला. दाखला काढावयास आम्हीच गेलो होतो, मिरजेला. कारण १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जेथे घडतो तेथे नोंदला जातो. आता पाहा, आपल्याकडचा अवघड रोगी मिरजेस, सांगलीस किंवा कोल्हापुरास जातो. जो वाचतो तो परत येतो, जो वाचत नाही त्याची नोंद तिकडे होते. नुसती नोंदवही पाहून कोणी मृत्यूचे प्रमाण काढले, तर इचलकरंजी मोठी निरोगी ठरेल आणि मिरज, जेथे चांगले दवाखाने आहेत ती, रोगट ठरेल! आमचा सोबती आयुष्यभर इथली हवा आणि इथला कापसाचा धूळकण छातीत घेत राहिला. मेला तेव्हा मात्र आकडा दुसऱ्या गावाचा झाला.

यावर उपायही त्याच कागदात आहे. मृत्यूच्या नोंदीच्या अर्जात मयताचे राहते गाव विचारलेले असते. राहत्या गावाप्रमाणे ते आकडे वेगळे काढावे, वय आणि कारण लावून दरवर्षी छापावे, असा आग्रह आपण धरला पाहिजे. पैशाचे काम नाही, इच्छेचे आहे.

कामाच्या बाबतीतही हेच. जनगणनेत वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम करणारा तो ‘मुख्य कामगार’. आठ तास काम करणारा कारकून आणि बारा तास मागावर उभा राहणारा कामगार, दोघे एकाच रकान्यात. वार्षिक औद्योगिक पाहणी नोंदणी झालेल्या कारखान्यांची. आठ-दहा मागांच्या बोळातल्या शेडला तीत जागा नाही. घरी बसून कांड्या भरणारी बाई तर बहुधा ‘घरकाम’ या सदरातच जाते. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला. त्या मागाने गाव उभे राहिले हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या मागापाशी माणूस किती तास उभा असतो, हे सांगणारा एक सार्वजनिक तक्ता आपल्यापाशी नाही. ज्या गावात बाप रविवारशिवाय मुलाला जागे पाहत नाही, ते गाव राहण्याजोगे म्हणावे काय?

आमचे काही मित्र यावर म्हणतात, ‘मग आकड्यांचा नादच सोडा. सगळे लबाड.’ हे आम्हांस मुळीच मान्य नाही. आकडे सोडले की उरतो तो ज्याचा आवाज मोठा त्याचा अनुभव, आणि मोठा आवाज बहुधा हौदवाल्याचा असतो. आमचाही आवाज बराच मोठा आहे, आणि त्याने एकदा आमचीच कशी फजिती केली, ते आरंभी सांगितलेच. आकडा लबाड नसतो; तो फार थोडे बोलतो, एवढेच. त्याला बोलते करावे लागते.

तेव्हा या व्याख्यानातून घरी नेण्याजोगे असे काही द्यावे, म्हणून पाच आकडे सुचवितो. प्रत्येक प्रभागाचे वेगळे, आणि दरवर्षी त्याच रीतीने काढलेले. पहिला, प्रभागातील सर्वांत शेवटच्या नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येते. दुसरा, पाण्याचे नमुने किती तपासले आणि दूषित निघाले ते कोणत्या गल्लीतले. तिसरा, झाकलेल्या गटाराला न जोडलेली घरे किती. २०११ मध्ये नागरी भारतात झाकलेले गटार ४४.५ टक्के घरांनाच होते, त्याशेजारी आपला आकडा ठेवता येईल. चौथा, या गावच्या रहिवाशांचे मृत्यू, मग ते कोठेही घडलेले असोत, वयाप्रमाणे. पाचवा, एका खोलीचे भाडे कमावण्यासाठी मागावर किती पाळ्या काढाव्या लागतात. शेवटचा आकडा कोठेही छापलेला मिळणार नाही. तो आम्ही कामगार संघटनेच्या मंडळींनी गोळा करावयाचा आहे, आणि ती जबाबदारी आम्ही आज आपल्यासमोर घेतो. उरलेले चार मागण्याचा आपणा सर्वांस हक्क आहे. ते प्रभागाच्या फलकावर खडूने लिहिले तरी पुरे. क्रमांक लावू नका, गुणांची बेरीजही करू नका. गेल्या वर्षीच्या शेजारी यंदाचे लिहा, आणि एका प्रभागाच्या शेजारी दुसरा. त्या मुंबईच्या अहवालाने कामगाराच्या शेजारी कैदी ठेवला, तसे.

आपण कापडवाल्या गावची माणसे आहोत. ताग्याची परीक्षा कशी होते, हे येथे लहान पोरालाही ठाऊक आहे. तपासणारा चांगल्या वारावरून हात फिरवीत बसत नाही. तो तागा उजेडावर धरतो, धागा कोठे तुटला आहे, वीण कोठे विरळ आहे ते शोधतो, आणि भाव त्या जागेवरून ठरवितो. बाकीचा तागा उत्तम आहे, अशी तक्रार केली तर तो ऐकत नाही. गावाची परीक्षाही याहून निराळी नसावी. शेवटच्या गल्लीतील शेवटचा नळ उजेडावर धरावा. तो बरा निघाला, तर गाव बरे आहे असे खुशाल समजावे. आणि स्थळ पाहावयास आलेल्या मावशीला, न अडखळता उत्तर द्यावे.